हवा गेली तर? ट्यूब की ट्यूबलेस

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सातारा भागात सायकल चालवणाऱ्या काहीजणी. आमच्यात शाळेतल्या बाई आहेत, नर्स आहेत, बँकेत काम करणाऱ्या आहेत, घरची शेती पाहणाऱ्याही आहेत. रविवारी पहाटे निघतो. कधी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे, कधी कोरेगावकडे, तर कधी फलटणच्या रस्त्याला. मागच्या वेळी आपण सीटची उंची आणि हँडल यांबद्दल बोललो होतो. त्यानंतर जे फोन आले, त्यांत एकच प्रश्न फिरून फिरून आला. रोड सायकल घेतली आहे किंवा घ्यायची आहे, तर टायर ट्यूबचे बरे की ट्यूबलेस?

दुकानात विचारलं तर एक जण सांगतो, “आता सगळे ट्यूबलेसच वापरतात.” दुसरा सांगतो, “ताई, त्या भानगडीत पडू नका, तुम्हाला जमायचं नाही.” तुमचा रस्ता कोणता, आठवड्यातून किती वेळा जाता, सोबत कुणी असतं का, हे मात्र दोघंही विचारत नाहीत.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तो काहीजणींनी फोन ठेवता ठेवता हळूच विचारला. “एकटी असताना, घरापासून लांब असताना हवा गेली तर?” खरा प्रश्न हाच आहे. कितीतरी बायका पाच-सात किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. पायात ताकद नसते असं नाही. पण पंक्चर झालं तर घरी फोन करावा लागेल, कुणाला तरी काम टाकून गाडी घेऊन यावं लागेल आणि मग “कशाला जातेस एवढ्या लांब” हे ऐकावं लागेल, हे डोक्यात असतं. म्हणून आज आपण दोन्ही टायर एकाच मापाने मोजू. हवा गेल्यावर आपण आपल्या हातांनी, कुणाला न बोलावता, पुन्हा सायकलवर बसू शकतो का?

आधी दोन्हींची रचना समजून घेऊ.

ट्यूबचा टायर आपल्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. रिमवर टायर आणि टायरच्या आत रबराची ट्यूब. हवा धरून ठेवायचं काम ट्यूबचं, तिला रस्त्यापासून सांभाळायचं काम टायरचं. काटा टायरमधून आरपार गेला आणि ट्यूबला लागला की काही मिनिटांत चाक बसतं.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसतेच. टायरच्या दोन्ही कडा रिममध्ये इतक्या घट्ट बसतात की तिथून हवा निसटत नाही. रिमला आतून तारांसाठी भोकं असतात, ती हवाबंद चिकटपट्टीने झाकलेली असतात. वॉल्व्ह थेट रिमला बसवलेला असतो. आत थोडंसं दुधासारखं पातळ द्रव घातलेलं असतं, त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंट म्हणजे रबराचा चीक आणि त्यात मिसळलेले बारीक कण. काट्याने भोक पडलं की आतल्या हवेच्या जोराने हे द्रव भोकात शिरतं, तिथे गोठतं आणि भोक बुजवतं. पुष्कळदा पंक्चर झालं होतं हे आपल्याला घरी आल्यावर, टायरवरचा पांढरा ठिपका पाहून कळतं.

इथे एकीने विचारलं होतं, “माझ्या स्कूटरलाही ट्यूबलेस टायर आहेत, त्यात तर असं काही द्रव नाही. मग सायकललाच का?” प्रश्न रास्त आहे. स्कूटरचा टायर जाड असतो आणि त्यात हवा तिशीच्या आसपास पीएसआय असते. रोड सायकलचा टायर अगदी पातळ, पण त्यातल्या हवेचा दाब स्कूटरच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. शिवाय हवा एकूण थोडीच असते. त्यामुळे बारीक भोकातूनही ती झरकन निघून जाते. पातळ टायर नुसत्या रबराच्या भरवशावर हवा धरून ठेवू शकत नाही, त्याला सीलंटची साथ लागते. म्हणजे सायकलच्या बाबतीत ट्यूबलेसचा जीव त्या दुधात आहे. ते वाळलं की टायरही लंगडा झाला.

हवेचा टायर मुळात सायकलसाठी लोकप्रिय झाला तो बेलफास्टमध्ये. जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो टायर मऊ चाले, वेगात चाले, पण रिमला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की सोडवायला तास जात आणि पुन्हा चिकटवला की वाळायला रात्र जाई. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला यायची, सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली आणि ती शार्ल तेराँ याने याच टायरवर जिंकली. त्यालाही वाटेत पंक्चर झालंच होतं. पण त्याचा टायर रस्त्यावर उघडता येत होता.

पंक्चर न होणारा टायर तेव्हाही नव्हता, आजही नाही. तेव्हा फरक पडला तो टायर रस्त्यावर दुरुस्त होऊ शकला म्हणून. आपणही तेच विचारायचं आहे.

आता आपल्या रस्त्यांकडे येऊ. आपल्याकडे पंक्चर कशाने होतं? एक म्हणजे बाभळीचा काटा. उन्हाळ्यात कुंपणं करतात, शेताच्या कडेची झाडं छाटतात, बैलगाडीतून फांद्या नेतात. ते काटे रस्त्यावर पडतात. लांब, सरळ आणि सुईसारखे. दुसरा सराटा. शेतात, बांधावर, माळावर जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या फुलांची ती वेल. तिचं फळ सुकलं की त्याचे काटेरी तुकडे होतात आणि कसेही पडले तरी एखादा काटा वर तोंड करूनच असतो. चपलेत रुतणारा सराटा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतले सायकलवालेही याच वनस्पतीला वैतागलेले असतात. तिसरी गोष्ट हायवेच्या कडेची. ट्रकचे फाटलेले टायर तिथे पडलेले असतात आणि त्यांतून केसासारख्या बारीक पोलादी तारा सुटतात. ही तार डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच लागते. चौथी गोष्ट काच. आणि पाचवी गोष्ट खड्डा.

खड्ड्याचं पंक्चर वेगळं असतं. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की ट्यूब टायर आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. ट्यूब बाहेर काढली की शेजारी शेजारी दोन भोकं दिसतात, साप चावल्यासारखी. काटा शोधत बसू नका, काटा नसतोच. हवा कमी होती, एवढंच.

ट्यूबलेसचा मोठा फायदा इथे दिसतो. चिमटायला ट्यूबच नाही, म्हणून हे दोन भोकांचं पंक्चर बहुतेक टळतं. सराटा आणि बाभळीचा काटा यांची भोकं बारीक असतात, ती सीलंट सहसा भरून काढतं. एकाच फेरीत तीन-चार काटे लागले तरी चाक चालत राहतं. आमच्यातल्या ज्या फलटण, दहिवडीच्या बाजूला नेहमी जातात, त्यांनी ट्यूबलेस घेतले ते याच कारणासाठी. घाट उतरताना आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. ट्यूब एकदम फाटली तर हवा क्षणात जाते. नीट बसवलेल्या ट्यूबलेसमधून ती बहुतेक वेळा हळूहळू जाते आणि ब्रेक लावून थांबायला सवड मिळते.

मग सगळ्यांनीच ट्यूबलेस घ्यावेत का? थांबा, दुसरी बाजूही ऐका.

सीलंट बुजवतं ती लहान भोकं. काचेने टायर कापला, दगडाने बाजूची भिंत चिरली, तर ते पुरत नाही. हवा जेवढी जास्त, तेवढं भोक बुजणं अवघड, कारण गोठायच्या आत द्रव फवाऱ्यासारखं बाहेर उडतं. म्हणजे ट्यूबलेसमध्ये पंक्चरं कमी होतात, पण जे उरतं ते सोडवायला जास्त अवघड असतं. ट्यूबमध्ये पंक्चरं जास्त होतात, पण प्रत्येकाची रीत एकच आणि सोपी. हा सौदा आहे. तो नीट समजून करायचा.

ट्यूबची रीत आधी सांगतो. ऐकता ऐकता मनात हात चालवा.

सायकल रस्त्यापासून दूर घ्या, वळणावर थांबू नका. मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, म्हणजे चाक सहज निघतं. चाक काढा. उरलेली हवा सोडून द्या. आता महत्त्वाचं. टायरच्या दोन्ही कडा दोन्ही अंगठ्यांनी दाबत दाबत चाकाभर फिरा आणि त्या रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. रिमचा घेर तिथे लहान असतो, म्हणून टायर सैल पडतो. “मला ताकद पुरत नाही” असं म्हणणाऱ्या बहुतेकजणींचं इथेच अडतं. हे केलं की ताकद लागत नाही. मग वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला प्लॅस्टिकची लिव्हर घालून एक कड बाहेर काढा. दुसरी कड आतच राहू द्या. ट्यूब ओढून घ्या.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरा आणि गालाजवळ फिरवा, हवा कुठून येते ते कळतं. वॉल्व्हपासून ते भोक किती लांब आहे ते पाहा आणि टायरवर तीच जागा शोधा. तिथे काटा अजून बसलेला असणार. तो न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही गेली. बोट हलकेच आतून फिरवा, किंवा कापड फिरवा, काटा असेल तिथे धागा अडकतो. काटा काढा. नव्या ट्यूबमध्ये ती गोल होईल एवढीच हवा भरा आणि टायरमध्ये बसवा. कड हातांनीच आत ढकलत या आणि वॉल्व्हपाशी संपवा. शेवटच्या घट्ट भागाला लिव्हर लावू नका, तिच्या टोकाने ट्यूब चिमटते आणि नवीन भोक पडतं. शेवटी वॉल्व्ह जरा वर ढकला, ट्यूब कुठे कडेखाली दबलेली नाही ना ते पाहा आणि हवा भरा. छोट्या हातपंपाने दीड-दोनशे वेळा मारावं लागतं. हात भरून येतात, पण चाक उभं राहतं.

जुनी ट्यूब फेकायची नाही. घरी आल्यावर पंक्चर काढायचं. भोकाभोवती सँडपेपरने घासा, सोल्युशन लावा आणि पाच मिनिटं थांबा. ओलं असतानाच पॅच लावला तर तो सुटतो. बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच ठेवून जोराने दाबा. पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहा. चांगला बसलेला पॅच ट्यूबच्या आयुष्यभर टिकतो.

आता ट्यूबलेस. फुस्स आवाज आला, पाठीवर पांढरे शिंतोडे उडाले की थांबा. भोक सापडलं की चाक असं फिरवा की भोक खाली येईल. द्रव तिथे गोळा होतं आणि मिनिटभरात पुष्कळदा आवाज बंद होतो. काटा रुतलेला असेल आणि हवा जात नसेल तर त्याला हात लावू नका, घरी जाऊन काढा. हवा थांबत नसेल तर एक हत्यार मिळतं, दाभणासारखं. त्यात चिकट रबरी दोरीचा तुकडा ओवायचा, भोकात खुपसायचा आणि दाभण मागे ओढून घ्यायचं. दोरी भोकात राहते. स्कूटरचं पंक्चर काढताना तुम्ही हे पाहिलं असेल. चाक काढावंही लागत नाही. वरून हवा भरायची आणि निघायचं. इथपर्यंत ट्यूबलेस ट्यूबपेक्षा सोपा आहे, हे मान्य करायला हवं.

पण चीर मोठी असली, दोरी थांबली नाही, तर शेवटचा उपाय ट्यूब घालणं हाच. म्हणजे टायर उघडायचा, ट्यूबलेसचा वॉल्व्ह काढायचा, हात चिकट द्रवाने भरवून घ्यायचे आणि ट्यूब बसवायची. त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून सगळे काटे काढायचे. सीलंटने महिनोन्महिने जे काटे झाकून ठेवले, ते सगळे आत टोकं काढून बसलेले असतात आणि ट्यूबची वाट पाहत असतात. चीर असेल तिथे आतून जाड तुकडा लावायचा, नाहीतर ट्यूब फुगून बाहेर येते. जुन्या टायरचा कापलेला तुकडा किंवा टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा चालतो.

आणखी एक अडचण. ट्यूबलेसच्या कडा मुळातच घट्ट असतात. काही टायर आणि काही रिम यांची जोडी अशी जमते की टायर हातांनी निघता निघत नाही. म्हणून आमचा नियम आहे. ट्यूबलेस बसवून घेतला की दुकानदाराने बसवला यावर समाधान मानायचं नाही. घरी अंगणात एकदा तरी स्वतःच्या हातांनी काढून, ट्यूब घालून, पुन्हा बसवून पाहायचा. अंगणात निघाला नाही तर रस्त्यावर, उन्हात, घाईत तर मुळीच निघणार नाही. अशी जोडी असेल तर टायर बदलून मागा.

म्हणजे ट्यूबलेस असला तरी पिशवीत ट्यूब हवीच. ती घेतली नाही तर आपण पुन्हा फोनवर अवलंबून राहिलो.

आता निगा. ट्यूबच्या चाकाला निगा फार नाही. हवा रोज थोडी कमी होतेच, म्हणून निघण्याआधी भरायची. ट्यूबलेसचं सीलंट मात्र वाळतं. प्रकाराप्रमाणे आणि हवामानाप्रमाणे दोन ते सहा महिने टिकतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर संपतं. पत्र्याच्या शेडखाली सायकल उभी असेल तर आणखी लवकर. चाक काढून कानाशी हलवा. चुळूकचुळूक आवाज आला तर ठीक. शंका असेल तर हवा सोडून वॉल्व्हचा आतला भाग काढा, वॉल्व्ह चाकाच्या सगळ्यात खाली आणा, जरा थांबा आणि खराट्याची काडी घालून पाहा, गाडीचं ऑइल पाहतात तशी. काडी कोरडी आली तर द्रव घाला. २८ मिलिमीटरच्या टायरला साधारण ३० ते ५० मिलिलिटर पुरतं, बाटलीवर लिहिलेलं असतं. आतला भाग काढता येणारा वॉल्व्ह असला की वरूनच घालता येतं.

परीक्षेच्या काळात, लग्नसराईत, बाळंतपणात, कापणीच्या दिवसांत आपली सायकल दोन-दोन महिने भिंतीला टेकून राहते. आपल्या आयुष्यात हे होतंच. ट्यूबची सायकल अशा वेळी हवा भरली की निघते. ट्यूबलेसच्या आत तोवर वाळलेली साय उरलेली असते. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही.

हवा किती भरायची यावर दोन शब्द. टायरवर जो आकडा छापलेला असतो तो बहुधा जास्तीत जास्त हवेचा असतो, तेवढी भरावी असा त्याचा अर्थ नाही. दुकानात सवयीने १०० पीएसआय मारून देतात. ५०-५५ किलोच्या बाईला २८ च्या टायरमध्ये एवढी हवा लागत नाही. सायकल उड्या मारते, मनगटं दुखतात, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. एवढ्या वजनाला ट्यूब असेल तर ७०च्या आसपास आणि ट्यूबलेस असेल तर ६०च्या आसपास सुरुवात करा, मग पाच-पाचने कमी-जास्त करून पाहा. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. आकडा दाखवणारा उभा पंप घरी असू द्या. तो वर्षानुवर्षं टिकतो.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. कुठलाही टायर कुठल्याही रिमवर ट्यूबलेस म्हणून चालत नाही. रिमही ट्यूबलेसची हवी, टायरवरही ‘ट्यूबलेस’ किंवा ‘ट्यूबलेस रेडी’ असं छापलेलं हवं. साध्या टायरमध्ये सीलंट ओतून “झालं ट्यूबलेस” म्हणणाऱ्याचं ऐकू नका. साध्या टायरची कड तेवढी मजबूत आणि तेवढ्या मापाची नसते, ती दाबाखाली रिमवरून सुटू शकते. काही नव्या रिमना आतल्या बाजूला टायर अडकवणारी आकड्यासारखी कड नसते, त्यांना हूकलेस म्हणतात. त्यांवर ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर हवा भरायचीच नाही आणि त्यांच्यासाठी चालतो असं सांगितलेलाच टायर लावायचा. २०२४च्या फेब्रुवारीत यूएई टूर या मोठ्या शर्यतीत थॉमस डे गेंट या बेल्जियमच्या सायकलपटूचा टायर हूकलेस रिमवरून सुटला आणि तो पडला. त्यानंतर अशा रिमवरून सायकलजगात मोठा वाद झाला. आपली रिम कोणती हे दुकानात स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. यवतेश्वर किंवा खंबाटकी उतरताना टायर रिमवर राहणं, यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

“पण मोठ्या शर्यतींत सगळे ट्यूबलेस वापरतात ना?” हो, बरेच वापरतात. पण त्यांच्या मागे गाडी असते, गाडीवर तयार चाकं असतात आणि चाक बदलायला माणूस असतो. आपल्या मागे कोण असतं? त्यापेक्षा ब्रेव्हेकडे पाहा. आमच्यातल्या काहीजणी या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत. ती स्पर्धा नसते, वेळेत पोचायचं असतं. तेराँने जिंकलेली ती पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता याच पद्धतीने दर चार वर्षांनी होते. ब्रेव्हेचा नियम असा की दोन चौक्यांच्या मध्ये आपली माणसं गाडी घेऊन मदतीला येऊ शकत नाहीत. म्हणून तिथे प्रत्येकीला विचारावंच लागतं, रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात मला काय जमेल? गंमत अशी की तिथे ट्यूबवाल्याही दिसतात आणि ट्यूबलेसवाल्याही. पण आपलं चाक उघडता न येणारी क्वचितच.

मग कुणी काय घ्यावं? आमचं मत सांगतो.

नव्याने सुरुवात केली असेल, आठवड्यातून एक-दोनदा डांबरी रस्त्याने जात असाल, मध्येच सायकल पडून राहत असेल, किंवा रिम साधी असेल, तर ट्यूबच ठेवा. पैसे घालायचेच तर आत काटेरोधक पट्टा असलेल्या चांगल्या टायरवर घाला. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त आजही ट्यूबवरच आहेत.

आठवड्यातून तीन-चारदा जात असाल, रस्ता काट्यांचा असेल, २८ किंवा त्याहून रुंद टायर बसत असेल, रिम ट्यूबलेसची असेल आणि दर दोन महिन्यांनी काडी घालून पाहायची शिस्त तुम्हाला असेल, तर ट्यूबलेस घ्या. तुम्हाला असेल, असं आम्ही म्हणतोय. नवऱ्याला किंवा भावाला असेल तर तो हिशेब धरू नका.

हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानाचा आधार दोघींनाही आहे, पण त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर जवळ हवा. रोड सायकलचा वॉल्व्ह बारीक असतो, त्याला ट्रकच्या हवेची नळी बसत नाही. अडॅप्टर लावला की बसते. हवा मात्र थोडी थोडी मारायला सांगा, कॉम्प्रेसरचा जोर मोठा असतो.

पिशवीत काय हवं ते लिहून घ्या. ट्यूब एक, लांब जायचं असेल तर दोन. दोन लिव्हर. पॅच, सोल्युशन, सँडपेपर. हातपंप. अडॅप्टर. टायरचा जुना तुकडा. हात पुसायला फडकं. ट्यूबलेस असेल तर दाभण आणि रबरी दोऱ्या वाढवा. चाक पान्याने सुटत असेल तर पाना. सगळं मिळून सीटखालच्या छोट्या पिशवीत आणि खिशात मावतं.

ज्यांच्या मुली शाळेला सायकलने जातात, सरकारी योजनेतून सायकल मिळाली आहे, त्यांनीही फोन केले होते. त्या सायकलींना ट्यूबलेसचा विचारही नको, तिथे ट्यूबच योग्य. पण मुलीला पंक्चर काढायला शिकवा. वर सांगितलेली रीत तीच, फक्त चाकाचे नट सोडायला पाना लागेल. पंक्चर झालं म्हणून शाळा बुडाली, आणि मग सायकल नादुरुस्त म्हणून पडूनच राहिली, असं आपल्या आसपास घडतं. बादलीभर पाणी, एक पॅच आणि तासभर बसलेली आई, एवढ्यावर हे टळतं.

या आठवड्यात एक काम करा. मोबाईल बाजूला ठेवा, अंगणात किंवा गच्चीवर जुनी चादर अंथरा आणि पुढचं चाक काढा. टायर उघडा, ट्यूब बाहेर घ्या, पुन्हा बसवा, हवा भरा. पहिल्यांदा तास लागेल, हात काळे होतील. चौथ्या-पाचव्या वेळी पंधरा मिनिटांवर येईल. त्यानंतर ट्यूब की ट्यूबलेस हे ज्याला-त्याला विचारावं लागणार नाही, तुमचे हातच सांगतील. आणि रस्ता पाच-सात किलोमीटरवर संपणार नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्यापैकी कुणी ना कुणी या केंद्राच्या आवारात सामान घेऊन बसलेलं असतं. सायकल घेऊन या. पंक्चर झालेली असेल तर फारच उत्तम.